बारा सागरी मैल, दोन सरकारं, एकच कोर्ट

मालवण बंदरातून सुटलेला ट्रॉलर पश्चिमेला जात राहिला की बारा सागरी मैलांवर एक न दिसणारी सीमा ओलांडतो. मासेमारीपुरतं बोलायचं तर अलीकडचं पाणी राज्याच्या कायद्याखाली, पलीकडचं केंद्राच्या. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतच ही वाटणी आहे. म्हणून किनाऱ्यालगतच्या पर्ससीन जाळ्यांचा वाद महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात येतो, तर खोल समुद्रात एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ साली बंदी घातली ती केंद्राने. कायदे करणारी सरकारं दोन आणि दोघांची कामं घटनेनं ठरवून दिलेली, हे संघराज्य.

मग न्यायालयंही दोन प्रकारची का नाहीत?

अमेरिकेत ती तशीच आहेत. प्रत्येक राज्याची आपली न्यायालयं आणि त्यांच्या शेजारी संघीय न्यायालयांची स्वतंत्र रचना: ९४ जिल्हा न्यायालयं, त्यांवर १३ अपील न्यायालयं. भारताने मात्र एकच शिडी ठेवली. मालवणचं दिवाणी न्यायालय, ओरोसचं जिल्हा व सत्र न्यायालय, मुंबई उच्च न्यायालय आणि शेवटी दिल्ली. कायदा विधानसभेचा असो की संसदेचा, दाद याच शिडीवर मागायची.

'संघीय न्यायालय' या नावाचं कोर्ट भारतातही होतं. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार ते १ ऑक्टोबर १९३७ रोजी सुरू झालं. त्याच्या पहिल्या तीन न्यायमूर्तींपैकी एक मराठी होते, मुकुंदराव जयकर; पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. संस्थानं आणि प्रांत मिळून व्हायचं होतं ते संघराज्य कधी झालंच नाही; न्यायालय मात्र चाललं आणि १९५० साली त्याची जागा सर्वोच्च न्यायालयाने घेतली.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण चढावीच लागली तर कुठली, हे माहीत असायला हवं, कारण चुकीच्या दारी गेलेल्या माणसाची वर्षं वाया जातात. प्रश्न असतो अधिकारितेचा. खटला थेट ज्या न्यायालयात सुरू होतो, त्याची ती मूळ अधिकारिता. दोन राज्यं भांडली तर घटनेच्या अनुच्छेद १३१ नुसार दावा थेट सर्वोच्च न्यायालयात जातो. बेळगावसाठी महाराष्ट्राने २००४ साली केलेला दावा तसाच आहे. सामान्य माणसाला हे दार उघडं नाही. त्याने खालून सुरुवात करायची आणि निकाल पटला नाही तर वर अपील करायचं.

जामिनाचंही असंच: आधी खालचं न्यायालय, मग वरचं. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याबद्दलच्या गुन्ह्यात आरोपी असलेल्या बांधकाम सल्लागाराला जामीन मिळाला तो नोव्हेंबरमध्ये, उच्च न्यायालयात.

एक वाट मात्र खालच्या पायऱ्या न चढता जाते. सरकारने कर्तव्य केलं नाही, तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. स्वतःसाठी नव्हे, सर्वांसाठी केली तर ती जनहित याचिका. सावंतवाडी-दोडामार्ग वन्यजीव कॉरिडॉरमधली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याचा मार्च २०२४ चा आदेश अशाच याचिकेवरचा. अशी घोषणा ज्या पर्यावरण कायद्याखाली होते तो केंद्राचा, कोर्ट मात्र मुंबईचंच.

सिंधुदुर्गाला सर्वांत जास्त जाचलेला शब्द म्हणजे प्रादेशिक अधिकारक्षेत्र: कुठल्या भागातले खटले कुठल्या कोर्टात चालायचे ते. मुंबई उच्च न्यायालयाचं एक खंडपीठ गोव्यात पर्वरीला आहे. बांद्याहून ते किती जवळ! पण ते गोव्यापुरतं. त्यामुळे मालवणच्या पक्षकाराला रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागायची, अनेकदा नुसती पुढची तारीख घ्यायला. हा अन्यायच होता. १८ ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्गासह सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. आता घाट चढायचा, पण मुंबईच्या तुलनेत वाट कितीतरी थोडी.

सर्किट बेंच म्हणजे कायम खंडपीठ नव्हे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने उच्च न्यायालयाच्या बैठकीचं ठिकाण ठरवू शकतात. कायम खंडपीठाला ५१(२) खाली राष्ट्रपतींचा आदेश लागतो. औरंगाबादलाही १९८१ साली ५१(३) खालीच कामकाज सुरू झालं, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं आणि १९८४ मध्ये तिथे कायम खंडपीठ आलं.