एक जुलै ते तीस जून : तालुक्याच्या गावातला रोटरी क्लब

रोटरी क्लबचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही पदे तेवढ्याच काळापुरती असतात आणि हा नियम जगभर सारखाच आहे. बार्शी, कऱ्हाड, पंढरपूर अशा गावांतल्या क्लबांची कामे, त्यांतली टिकलेली आणि विरून गेलेली, या मुदतीशी बांधलेली आहेत.

पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत तीन ओळखीच्या माणसांना एकत्र बसवले. त्यांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी होता. मोठ्या शहरात वेगवेगळ्या व्यवसायांतल्या लोकांची ओळख व्हावी आणि एकमेकांच्या धंद्याला हात मिळावा, इतकाच सुरुवातीचा हेतू होता. बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत होत. समाजसेवा नंतर आली. पहिले सार्वजनिक काम म्हणजे शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहे बांधून घेण्याची खटपट. भारतात पहिला क्लब १९१९ मध्ये कलकत्त्यात आणि मुंबईत १९२९ मध्ये निघाला. तालुक्याच्या गावांत तो स्वातंत्र्यानंतर पोचला. साखर कारखाना, बँकांच्या शाखा, खासगी दवाखाने आणि महाविद्यालय आले की वीस-पंचवीस सभासद मिळण्याइतका मध्यमवर्ग गावात तयार होई.

रोटरी एकटी नाही. मेल्विन जोन्स यांनी १९१७ मध्ये उभी केलेली लायन्स चळवळ १९५६ मध्ये मुंबईत आली. नाना चुडासमा यांनी १९७२ मध्ये मुंबईतच जायंट्सची स्थापना केली. मध्यम आकाराच्या गावात यांतले दोन क्लब तरी हमखास असतात. थोरला भाऊ रोटरीत आणि धाकटा लायन्समध्ये असेही आढळते. निमंत्रणपत्रिकेवर नावाआधी ‘रो.’ किंवा ‘ला.’ छापण्याची पद्धत दोघांनीही मनापासून स्वीकारली आहे.

सभासद कोण, हे व्यवसायावरून ठरते. एका व्यवसायातून एक किंवा मोजकेच लोक घ्यायचे, म्हणजे क्लब कुणा एका धंद्याच्या ताब्यात जात नाही, हा मूळ नियम. आता तो सैल झाला असला तरी खूण राहिली आहे : दोन-तीन डॉक्टर, एक वकील, एक सीए, कापड दुकानदार, पेट्रोल पंपाचे मालक, बांधकाम व्यावसायिक, एखादे प्राचार्य. शेती हाच मुख्य व्यवसाय असलेल्या तालुक्यात निव्वळ शेतकरी असलेला सभासद मात्र विरळाच, आणि ही उणीव लहान नाही. स्त्रियांना सभासदत्व देण्याचा नियम जागतिक पातळीवर १९८९ मध्ये झाला. त्याआधी, आणि अनेक गावांत आजही, सभासदांच्या पत्नींचे काम इनर व्हील या वेगळ्या संस्थेतून चालते. ही संस्था १९२४ मध्ये मँचेस्टरला सुरू झाली.

बैठक पूर्वी दर आठवड्याला सक्तीची होती आणि चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबात हजर राहून ती भरून काढावी लागे. २०१६ पासून महिन्यातून दोन बैठकांची मुभा मिळाली. अध्यक्ष घंटा वाजवतात, पाहुण्यांचे व्याख्यान होते, वाढदिवसांच्या शुभेच्छा दिल्या जातात, राष्ट्रगीत होते आणि मग जेवण. बाहेरच्यांना हा सगळा जेवणावळीचा थाट वाटतो. पण ज्या गावात सरकारी दवाखान्याचा डॉक्टर, शाळेचा मुख्याध्यापक आणि बसगाड्यांचा ठेकेदार एरवी एकत्र येण्याचे कारण नसते, तिथे शिबिराची निम्मी तयारी याच टेबलावर होते.

जुलैत पदग्रहण समारंभ होतो. मावळते अध्यक्ष आपल्या पदाची कॉलर उतरवून नव्याच्या गळ्यात घालतात आणि रोटरीच्या प्रांताचे प्रमुख म्हणजे प्रांतपाल किंवा त्यांचे प्रतिनिधी शपथ देतात. लगेच वृक्षारोपण आणि वह्यावाटप. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात आणि पाऊस पडत असतो, त्यामुळे दोन्ही कामे ऋतूला धरून आहेत. वह्या वापरल्या जातात. रोपांची कथा निराळी. पावसाळाभर ती तग धरतात, पण त्यांना पाणी लागते ते फेब्रुवारी ते मेमध्ये, आणि तेव्हा अध्यक्षांचे लक्ष वर्षअखेरीच्या अहवालाकडे असते. पुढच्या जुलैत नवे अध्यक्ष नव्या खड्ड्यांत नवी रोपे लावतात. ज्या क्लबांनी शाळेच्या किंवा स्मशानभूमीच्या आवारात, कुंपण असलेल्या जागी आणि पाणी घालणाऱ्या माणसाची मजुरी धरून झाडे लावली, तिथेच सावली दिसते.

सप्टेंबरमध्ये शिक्षक दिनाच्या आसपास शिक्षकांचे सत्कार होतात. रक्तदानाचे हंगामही ठरलेले असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली आणि रक्तपेढ्यांची भिस्त शिबिरांवर वाढली. पण शिबिरे लागतात ती स्वातंत्र्यदिन, गणेशोत्सव, राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन म्हणजे १ ऑक्टोबर, प्रजासत्ताक दिन, शिवजयंती आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवशी. नेहमीच्या पिशवीतले रक्त ३५ दिवस टिकते, त्यातल्या प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. म्हणून एकाच आठवड्यात शेकडो पिशव्या जमवण्याचा विक्रम रक्तपेढीच्या फारसा कामाचा नसतो. खरी ओढ लागते ती एप्रिल-मेमध्ये, महाविद्यालये बंद असताना. अनुभवी क्लब रक्तगटानुसार दात्यांची यादी ठेवतात आणि मागणी आली की त्यांना बोलावतात. पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिन्यांचे आणि स्त्रीला चार महिन्यांचे अंतर ठेवावे लागते, त्यामुळे यादीत शेवटच्या रक्तदानाची तारीख असावी लागते. या कामाचा फोटो निघत नाही, म्हणून ते थोड्याच ठिकाणी नीट चालते.

दिवाळीनंतर नेत्रशिबिरे सुरू होतात. लहान गावात सेवाभावी क्लबची ओळख सर्वाधिक याच कामाने झाली आहे. लायन्सचे तर ते घराण्याचे काम : १९२५ मध्ये हेलन केलर यांनी त्यांच्या अधिवेशनात आवाहन केले आणि अंधत्वनिवारण त्या चळवळीच्या केंद्रस्थानी आले. पूर्वी शस्त्रक्रिया गावातच, शाळेत किंवा धर्मशाळेत होत. बाकडी हलवून खाटा मांडायच्या, आठवडाभर रुग्ण तिथेच राहायचे आणि शेवटी जाड भिंगाच्या चष्म्यासह घरी जायचे. जंतुसंसर्गाचा धोका आणि त्या चष्म्याची गैरसोय, दोन्ही मोठी होती. जागतिक बँकेच्या मदतीने १९९४ ते २००२ या काळात सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रणाचा प्रकल्प राबवला गेला. महाराष्ट्र त्यांत होता. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवणे सर्रास झाले आणि तात्पुरत्या जागी शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मागे पडली.

आज गावात होते ती फक्त तपासणी. आधी दोन दिवस रिक्षावरून भोंग्याने पुकारा होतो. तपासणीच्या दिवशी नाव, वय, रक्तदाब, साखर आणि दृष्टी नोंदवली जाते. निवडलेल्या रुग्णांना बसने शहरातल्या नेत्र रुग्णालयात नेतात आणि बहुधा दुसऱ्या दिवशी परत आणून सोडतात. शस्त्रक्रिया रुग्णालय करते, अनुदानाचा हिशेबही तेच पाहते. क्लबच्या वाट्याला येते ती मधली खटपट : साखर वाढल्यामुळे परत पाठवलेल्या आजीला औषध सुरू करून पुढच्या खेपेला आणणे, सोबत कोण येणार ते ठरवणे, महिन्याभराने फेरतपासणीला पुन्हा गाडी करणे. शेवटचे काम सर्वांत जास्त वगळले जाते.

मोतीबिंदू ‘पिकल्यावर’च काढावा आणि तोही थंडीतच, असा समज गावोगावी आहे. डॉक्टरांच्या मते दोन्ही गोष्टी गरजेच्या नाहीत, उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढणे अवघड होते. तरी हिवाळ्याचा आग्रह सुटत नाही, आणि त्यामागे शेताचे वेळापत्रकही आहे. खरिपाची सुगी उरकलेली असते, घरातल्या कुणाला तरी रुग्णासोबत जायला सवड असते. ऊसतोडीला कुटुंबे बाहेर जातात त्या बीडकडच्या भागात मात्र नेमके याच दिवसांत म्हातारी माणसे घरी एकटी असतात. तिथे सोबतीला क्लबचाच माणूस लागतो.

पोलिओचे काम या सगळ्यांपेक्षा वेगळ्या जातीचे. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओ निर्मूलनाचा जागतिक कार्यक्रम हाती घेतला आणि १९९५ मध्ये भारतात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. तालुक्यातले सभासद बूथवर बसले, बर्फाच्या पेट्या पोचवायला गाड्या दिल्या, आरोग्यसेविकांच्या जेवणाची सोय केली. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. हे काम कुठल्याच अध्यक्षाच्या वर्षाचे नव्हते. उद्दिष्ट बाहेरून ठरलेले होते आणि ते पुरे होईपर्यंत प्रत्येकाला तेच पुढे न्यावे लागले.

पैसा सभासदांच्या वर्गणीतून, नाटकाच्या किंवा ऑर्केस्ट्राच्या तिकिटांतून आणि स्मरणिकेच्या जाहिरातींतून उभा राहतो. मोठ्या कामासाठी रोटरी फाउंडेशनकडे जावे लागते. या निधीची कल्पना आर्च क्लम्फ यांनी १९१७ मध्ये मांडली. फाउंडेशनच्या जागतिक अनुदानासाठी प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो आणि परदेशातला एक भागीदार क्लब शोधावा लागतो. डायलिसिस यंत्रे किंवा तपासणीची फिरती गाडी अशीच येते. गरजेची पाहणी, पत्रव्यवहार आणि मंजुरी एका वर्षात उरकेलच असे नाही. एकाने अर्ज करायचा, दुसऱ्याच्या काळात पैसे यायचे आणि तिसऱ्याच्या हस्ते उद्घाटन व्हायचे, असे सहज घडते. पाटीवर कुणाचे नाव यावे यावरून झालेले रुसवेफुगवे अशा क्लबांच्या इतिहासात नमूद नसतात, पण असतात.

सर्वांत साधे आणि सर्वांत टिकाऊ काम म्हणजे वैद्यकीय साहित्य केंद्र. वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर, वरखाली होणारा पलंग, हवेची गादी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. अनामत रक्कम ठेवायची, वस्तू न्यायची, गरज संपली की परत करायची. खुब्याचे हाड मोडलेल्या माणसाला पलंग काही महिनेच लागतो, तो विकत घेणे कुटुंबाला परवडत नाही आणि नंतर ठेवायला जागाही नसते. केंद्र बहुधा एखाद्या सभासदाच्या औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यामागच्या खोलीत असते. अध्यक्ष बदलले तरी त्या खोलीची किल्ली आणि नोंदवही त्याच माणसाकडे राहते, म्हणून केंद्र चालू राहते. काही क्लबांकडे शवपेटी आणि वैकुंठरथही असतो. त्यांची मागणी रात्री-अपरात्री येते आणि तीही असाच एखादा जुना सभासद भागवतो.

मे-जूनमध्ये प्रांताचे पुरस्कार, अहवाल आणि हिशेब. त्याच सुमारास मावळत्या कार्यकारिणीला शिल्लक, अनामत रकमा आणि साहित्याची यादी नव्यांच्या हवाली करावी लागते. इमारत, रुग्णवाहिका किंवा दवाखाना अशी मालमत्ता असलेले अनेक क्लब त्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे वेगळा न्यास नोंदवतात. विश्वस्तांची मुदत क्लबच्या अध्यक्षापेक्षा बरीच मोठी असते आणि न्यासाचे लेखापरीक्षण त्याच्या स्वतःच्या आर्थिक वर्षानुसार, ३१ मार्चअखेर होते. क्लबचे सभासदच आळीपाळीने विश्वस्त होतात, पण मालमत्तेचा कारभार १ जुलैला बदलत नाही.