गाडीवरचा ओरखडा : किती घासायचे आणि कुठे थांबायचे?

उल्हासनगर कॅम्प नं. ३ च्या गल्लीत गाडी उभी केली की ओरखडा ठरलेलाच. कधी हातगाडी घासते, कधी रिक्षाचा आरसा. मागच्या वर्षी घरातल्या लग्नासाठी आम्ही जुनी गाडी विकायला काढली. बॉनेटवर एक ओरखडा होता. तो पूर्ण गेलाच पाहिजे म्हणून आम्ही स्वतःच पॉलिश पेपर आणि रबिंग कंपाऊंड घेऊन बसलो. ओरखडा गेला, पण सोबत वरचा थरही गेला आणि तिथे निस्तेज डाग पडला. शेवटी अख्खे बॉनेट रंगवावे लागले. मग येणारे प्रत्येक गिऱ्हाईक विचारू लागले, "ॲक्सिडेंट झालाय का?" आणि भाव पाडू लागले.

असे का होते? पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि सर्वात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कंपनीचे हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोट जेमतेम ४०-५०, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. उन्हापासून रंगाला तोच वाचवतो. पॉलिश म्हणजे ओरखडा भरणे नव्हे, आजूबाजूचा थर त्याच्या पातळीपर्यंत खाली आणणे. घासलेला थर परत येत नाही.

म्हणून आधी गाडी धुवा. पुष्कळदा तो ओरखडा नसतोच, दुसऱ्या गाडीचा रंग लागलेला असतो. मग नख आडवे फिरवा. अडकत नसेल तर हलके पॉलिश पुरे. अडकत असेल तर तो पूर्ण काढायच्या मागे लागू नका. कडा थोड्या मऊ झाल्या की त्यावर उजेड चमकत नाही आणि दोन पावलांवरून तो जाणवतही नाही. तिथेच थांबा. पॅनेलच्या कडा-कोपऱ्यांवर तर जास्तच जपून, तिथे रंग लवकर उडतो.

पत्रा उघडा पडला असेल तर मात्र थांबू नका. आपल्याकडच्या पावसात गंज चढायला वेळ लागत नाही. तेवढ्या जागी टच-अप मारून घ्या.

आणि गाडी विकताना ऐब लपवू नका. "हा ओरखडा आहे, बाकी रंग कंपनीचा आहे," हे खरे बोलणे नव्या रंगापेक्षा जास्त भरवसा देते. आम्ही हे भाव पडल्यावर शिकलो, तुम्ही आधीच शिका.