दोघा मित्रांची स्वस्त शिकार

शिकारीची हौस आणि मध्यम स्थितींतील गृहस्थाची मिळकत यांचें गोत्र सहसा जुळत नाहीं. तरीही गेल्या दिवाळींत माझ्या एका बालमित्राचें अमेरिकेहून पत्र आलें, आणि त्यांत चक्क शिकारीचें आमंत्रण असल्यामुळें आमच्या घरांत चार दिवस दुसरा विषय निघाला नाहीं. नांदुऱ्याच्या शाळेंत एका बांकावर बसणारे आम्ही दोघे आतां साठी ओलांडून बसलों आहों. "अलास्कांत जाऊन कॅरिबू मारूं, खर्च निमानिम," असें त्यानें लिहिलें होतें.

कॅरिबू हें उत्तर ध्रुवाकडील हरिण. युरोपांत यालाच रेनडियर म्हणतात. याच्या मादीलाही शिंगें येतात आणि तीं दरसाल गळून पुन्हां नवीं फुटतात. मित्राचा हिशेब चोख होता. तंबू एकच, लहान विमानाचें भाडें दोघांत, शिधा घरचा. परंतु दोन अडचणी निघाल्या. तो आतां अमेरिकेचा नागरिक असल्यामुळें त्याला कॅरिबूसाठीं वाटाड्या लागत नाहीं. माझ्यासारख्या परदेशीयास मात्र परवानाधारक वाटाड्या घेणें भागच आहे, आणि तेथेंच सारी काटकसर संपते. दुसरें असें कीं, मारलेल्या जनावराचें खाण्याजोगें मांस रानांत टाकून येणें तेथील कायद्यानें गुन्हा आहे. हें ऐकतांच मातुःश्री म्हणाल्या, "अरे, मारणार तुम्ही, पण खाणार कोण?" या प्रश्नाला घरांत कोणापाशींच उत्तर नव्हतें.

तेव्हां मीं त्याला उलट आमंत्रण धाडलें : "तूंच इकडे ये. ज्ञानगंगेच्या रानांत जाऊं."

त्याचें उत्तर आलें, "बंदुकीवांचून शिकार कसली?" त्याच्या आजोबांच्या दिवाणखान्यांत सांबराचीं शिंगें टांगलेलीं असत, तीं तो विसरला नव्हता. पण १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि पुढें हौसेच्या शिकारीचा मार्ग आपल्याकडे बंद झाला. अभयारण्यांतून गळालेलें शिंगसुद्धां उचलून आणतां येत नाहीं. माझा शेती पाहणारा पुतण्या यावर कुरकुरतो. रोही रात्रींतून त्याच्या तुरीचा फडशा पाडतात, आणि त्याची तक्रार खोटी नाहीं. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळविण्याची वाट कायद्यांत आहे. परंतु ती वाट शेतकऱ्याच्या बचावासाठीं आहे. आमच्यासारख्यांच्या करमणुकीसाठीं नव्हे.

मग बेत असा ठरला. बुलढाणा व खामगांव यांच्या मध्यें, अजिंठ्याच्या डोंगररांगेंत, सुमारे २०५ चौरस किलोमीटरांचें ज्ञानगंगा अभयारण्य पसरलेलें आहे. बिबटे, अस्वलें आणि रोही यांचें तें घर. यवतमाळकडील टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ सालीं सुमारे १,३०० किलोमीटर चालून याच रानांत आला. तो इतकी पायपीट करून येतो, आणि आम्हांला नांदुऱ्याहून एस. टी.नें खामगांव गांठण्याचा आळस असावा काय?

वेळ वैशाखी पौर्णिमेची. त्या सुमारास नाले आटतात, जनावरें उरलेल्या पाणवठ्यांवर येतात आणि चांदण्यांत दिव्यावांचून दिसतात. त्या रात्रीं मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करण्याची संधि वनखातें नागरिकांना देत आलें आहे. मचाणें थोडीं आणि हौशी फार, म्हणून चौकशी व नोंदणी आधीं करावी. तिच्यावांचून घर सोडूं नये. कपडे मातकट रंगाचे असावेत. अत्तर, उदबत्ती, विडी यांना पूर्ण फांटा द्यावा. बरोबर दशम्या, कोरडी चटणी व भरपूर पाणी असावें. दुर्बीण दोघांत एक पुरते. यावर एस. टी.चें भाडें आणि वनखात्याचें शुल्क, एवढाच काय तो खर्च.

या सर्व सामानापेक्षां सोबती निवडणें अधिक महत्त्वाचें. मचाणावर रात्रभर जो खोकला आवरतो, झोंप आली तर तसें सांगतो आणि पाण्याची शेवटची गुळणी दुसऱ्यासाठीं राखतो, त्याच्याच बरोबर रानांत जावें. बंदूक असो वा नसो, जुन्या शिकाऱ्यांनाही हीच पारख लागत असे.

परवां त्याचें पत्र आलें : "तिकीट काढलें. दुर्बीण माझी, दशम्या तुझ्या." मातुःश्रींनीं तें दोनदां वाचून घेतलें आणि दशम्यांसाठीं गूळ वेगळा काढून ठेवण्यास सांगितलें. एकही जनावर न फिरकलें तरी मला खंत नाहीं. चाळीस वर्षें आम्ही पत्रांतून बोलत आलों. एक रात्र शेजारीं बसून गप्प राहण्याचा योग आजवर आलाच नव्हता. आणि साठीनंतर असे योग पुढच्या वर्षावर ढकलूं नयेत.