धोबीतलावचा प्रोव्होस्ट

एल्फिन्स्टन कॉलेजातून बाहेर पडून परदेशी प्राध्यापक झालेले पुष्कळ. त्यातल्या अर्जुन अप्पादुराई यांची गोष्ट जरा निराळी, कारण न्यूयॉर्कच्या विद्यापीठात मोठी खुर्ची मिळवूनही त्यांचं खरं शैक्षणिक नेतृत्व दिसलं ते मुंबईतच.

जन्म १९४९चा, मुंबईतला, घर तमिळ. शाळा धोबीतलावची सेंट झेवियर्स. बातमीचा धंदा घरातलाच: वडील एस. ए. अय्यर रॉयटर्सचे वार्ताहर आणि पुढे सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सरकारात प्रसिद्धिमंत्री. मुलगा मात्र अमेरिकेत जाऊन मानववंशशास्त्राकडे वळला. शिकागोतल्या पीएच.डी.चा विषय होता मद्रासच्या पार्थसारथी मंदिरातले मानपान आणि त्यावरून कोर्टात गेलेली भांडणं!

१९८८ साली पत्नी कॅरल ब्रेकेनरिज यांच्यासह त्यांनी ‘पब्लिक कल्चर’ हे नियतकालिक काढलं. सिनेमा, जाहिरात, क्रिकेट, टीव्ही यांना गंभीर अभ्यासाच्या पंगतीत बसवणारं. १९९०च्या निबंधात त्यांनी मांडलं की माणसं, माध्यमं, तंत्रज्ञान, पैसा आणि विचार हे पाच प्रवाह जगभर वाहतात, पण एका चालीनं नाही. गिरणगावकराला हे पुस्तकाविना पटावं. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख जण बाहेर पडले. पुढच्या काळात भांडवल गिरण्यांतून निघून जमिनीत शिरलं आणि लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला. माणसं तिथंच, चाळीत. लालबागच्या ‘भारतमाता’ चित्रपटगृहात मराठी सिनेमा लागतच राहिला.

२००४ ते २००६ ते न्यूयॉर्कच्या ‘द न्यू स्कूल’चे प्रोव्होस्ट होते, म्हणजे सगळ्या शैक्षणिक कारभाराचे प्रमुख. १९१९ साली ही संस्था काढणाऱ्यांत बाबासाहेबांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्यूईही होते. प्रोव्होस्टपद दोनच वर्षांचं. पुढे अप्पादुराई न्यूयॉर्क विद्यापीठाच्या माध्यम विभागात प्राध्यापक झाले. प्रशासक म्हणून एवढीच नोंद असती, तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं.

त्याआधीच ते भायखळ्याला फुटपाथवरच्या बायकांच्या ‘महिला मिलन’ या संघटनेचं आणि तिच्या सोबतच्या ‘स्पार्क’ संस्थेचं व झोपडपट्टीवासीयांच्या महासंघाचं काम अभ्यासत होते. रोजची बचत, वस्तीनंच केलेली वस्तीची मोजणी, पाहुण्या अधिकाऱ्यांसमोर भरवलेले संडास मेळे. शिकलेल्यांनी नाक मुरडावं असा हा विषय त्यांनी ‘डीप डेमॉक्रसी’ या निबंधात मांडला. सरकारनं मोजण्याआधी गरिबांनी स्वतःला मोजलं, तर वाटाघाटीत त्यांचं वजन वाढतं, हा त्यातला मुद्दा.

तोच धागा त्यांनी आणि कॅरल यांनी मुंबईत स्थापन केलेल्या ‘पुकार’ या संशोधन संस्थेत पुढे गेला. २००६च्या एका लेखात अप्पादुराईंनी थेट म्हटलं की संशोधन ही तज्ज्ञांची मिरास नसून नागरिकाचा हक्क आहे. ‘पुकार’च्या युवा फेलोशिपमध्ये तरुणांचे गट आपल्याच वस्तीतला प्रश्न निवडतात, त्यावर मुलाखती घेतात, पाहणी करतात. पदवीची अट आडवी येत नाही. ‘पुकार’च्याच स्त्रिया आणि सार्वजनिक जागा या प्रकल्पातून शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ साली आलं. मुंबईत बाईनं कामाशिवाय, नुसतं उभं राहायचं म्हणून रस्त्यावर का उभं राहू नये, असा त्यांचा सवाल आहे.