चांद्याचे राज्य आणि त्याचे अरण्य

महाराष्ट्राच्या नकाशावर वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्या शोधाव्या. त्यांच्या संगमापासून प्राणहिता सुरू होते आणि सिरोंचापाशी ती गोदावरीस मिळते. या नद्यांमधील मुलुखावर व वैनगंगेपलीकडील डोंगराळ रानावर चांद्याच्या गोंड राजांनी कित्येक शतके राज्य केले.

साग आणि बांबू यांच्या या दाट रानातून तोफांचे गाडे नेणे दुष्कर होते. पावसाळ्यात तर नद्याच वाट अडवीत. ‘आइन-ए-अकबरी’त चांद्याच्या राजाचे सैन्य नोंदले आहे: घोडेस्वार 1,000 आणि पायदळ 40,000. हे प्रमाण ध्यानात घेण्यासारखे आहे. रानात घोड्याचा उपयोग तो किती!

पण केवळ रानावर राज्य पोसले जात नाही. त्यास धान्य लागते. पूर्वेकडील जमीन चढउताराची. पाऊस पुष्कळ पडतो, पण पाणी वाहून जाते, आणि भाताला तर ते साचलेले हवे. म्हणून गोंड राजांनी युक्ती योजली. जो तळे बांधील, त्याला त्या तळ्याने भिजेल तेवढी जमीन द्यावयाची. अशा इनामास ‘तुकूम’ म्हणत. उतारावर पाळ घालून बांधलेली असंख्य तळी आजही तेथील भातशेती भिजवितात.

पश्चिमेची बाजू मात्र निराळी. राजधानी आधी वर्धेकाठी बल्लारपुरास होती, मग इरई व झरपट यांच्या संगमापाशी चंद्रपुरास आली. येथून वऱ्हाड व नागपूर यांकडे काळी, सपाट, सुपीक जमीन पसरते. तिने व्यापार आणला, तशा फौजाही आणल्या. सुमारे 11 किलोमीटर लांबीचा दगडी परकोट उगाच नाही बांधला! 1667 मध्ये मोगल सरदार दिलेरखान याने चांद्याकडून जबर खंडणी वसूल केली. 1751 मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी राज्यच घेतले आणि अखेरचा राजा नीलकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदी झाला.

राजधानी पडली, तरी पूर्वेचे रान पुरतेपणी कोणाच्या हाती आले नाही. तेथील जमीनदार पुष्कळसे आपल्याच तंत्राने वागत. 1854 मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले आणि 1858 मध्ये त्याच रानातून बाबुराव शेडमाके उठला. रानाने त्याला लपविले. अहेरीच्या जमीनदारीने मात्र इंग्रजांच्या हवाली केले. 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्यास त्याला फाशी देण्यात आले.

26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेचा बराच भाग वैनगंगेनेच आखलेला आहे.