हद्दीबाहेरची ड्युटी

पुण्याच्या कामटे घराण्यात खाकी नवी नव्हती. आजोबा नारायणराव स्वातंत्र्यानंतरचे मुंबई राज्याचे पहिले पोलीस महानिरीक्षक. नातू अशोक १९८९ च्या तुकडीचे आयपीएस. भंडारा, सांगली, बोस्नियातली संयुक्त राष्ट्रांची मोहीम, सोलापूरचं आयुक्तपद असं करत २००८ मध्ये ते मुंबईत अपर पोलीस आयुक्त झाले. अंगापिंडाने दणकट, वजनं उचलायचा नाद. त्यांच्याकडे पूर्व विभाग होता, कार्यालय चेंबूरला. पोलिसाच्या कामात हद्द ही मोठी गोष्ट. रस्त्यात पडलेलं प्रेत कोणत्या ठाण्याचं यावरूनही घोळ होतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामटे जिथे गेले, ती हद्द त्यांची नव्हती.

रात्री पावणेदहा

सीएसटीच्या फलाटांवर दहशतवाद्यांचा गोळीबार सुरू झाला. लिओपोल्ड, ताज, ट्रायडंट, नरिमन हाऊस... कंट्रोलवर एकामागून एक नावं येऊन आदळू लागली. आयुक्तांनी कामट्यांना आधी ट्रायडंटकडे बोलावलं होतं, असं त्यांच्या पत्नी विनीता कामटे सांगतात. ते दक्षिण मुंबईत पोहोचले, पण गेले कामा रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत.

अकराच्या आसपास

अजमल कसाब आणि अबू इस्माईल हे हल्लेखोर सीएसटीसमोरचा पादचारी पूल ओलांडून कामा रुग्णालयात शिरले होते. त्यांच्या मागे गच्चीपर्यंत गेले पोलीस अधिकारी सदानंद दाते. हेही पुण्याचेच, लहानपणी घरोघरी पेपर टाकून शिकलेले. हातबॉम्बच्या तुकड्यांनी अंग फाटलेलं, सोबतचे दोघे गेलेले, आणि तरी दाते तिथून हलले नाहीत. वर जखमी दाते, खाली गल्लीत कामटे आणि आणखी दोन पोलीस अधिकारी, हेमंत करकरे आणि विजय साळसकर.

११ वाजून २४ मिनिटं

या रात्रीतली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी नोंद हीच. करकरे वायरलेसवरून कंट्रोलला सांगतात की आम्ही कामाच्या बाजूला आहोत, रुग्णालयाला वेढा घालायला हवा, पुढच्या दाराला टीम पाठवा, लष्कराकडून कमांडो मागवा. चार मिनिटांनी पुन्हा तीच मागणी. हल्लेखोर कुठल्या इमारतीत आहेत ते ठाऊक, बाहेर पडायची वाट ठाऊक, पोलीस आयुक्तालय हाकेच्या अंतरावर. पुढच्या दाराला वेढा पडला नाही. त्या रात्री सगळीकडूनच कुमक मागितली जात होती, हे मान्य. पण इतकी नेमकी मागणी दुसरी कुठली होती?

बाराच्या सुमारास

टोयोटा क्वालिस. स्टिअरिंगवर साळसकर, शेजारी एके-४७ घेऊन कामटे, मधल्या सीटवर करकरे, मागे चार शिपाई. दात्यांना मदत करायला गाडी वळसा घालून पुढच्या बाजूला निघाली. रंगभवनच्या गल्लीत झाडाआडून गोळ्या आल्या. मागच्या सीटवरचे अरुण जाधव सहकाऱ्यांच्या देहांखाली दबून तेवढे वाचले. कसाबच्या हाताला लागलेली गोळी कामट्यांची, असं विनीता कामटे पुराव्यांनिशी मांडतात. हल्लेखोरांनी तिघा अधिकाऱ्यांना रस्त्यावर ओढून टाकलं आणि तीच गाडी पळवली.

साडेबारा

गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवली. त्यात ते गेले, कसाब जिवंत सापडला. इकडे गल्लीतले तिघे सुमारे चाळीस मिनिटं मदतीविना पडून होते, असा विनीता कामटे यांचा आक्षेप आहे.

नंतर

पुण्यात शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. २६ जानेवारी २००९ ला अशोकचक्र. बहुतेक शहीदकथा इथे संपतात, कारण हार घातला की प्रश्न विचारणं वाईट दिसतं. विनीता कामटे यांनी ते विचारले. माहितीच्या अधिकारात अर्ज करून कंट्रोल रूमच्या संभाषणांच्या नोंदी मागितल्या. पोलीस ठाण्यात तपास जसा सुरू होतो तसंच हे काम: किती वाजता, कुठे, कोण हजर, निरोप कोणी घेतला. पत्रकार विनीता देशमुख यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं ‘टू द लास्ट बुलेट’ २००९ मध्ये आलं. माझ्या मते कामट्यांचा खरा वारसा पदकापेक्षा या कागदांत जास्त आहे. पुढच्या वेळी वायरलेसवर कोणी कुमक मागेल, त्याच्या उपयोगाचे तेच.

नवऱ्याला कामा रुग्णालयाच्या गल्लीकडे कोणी वळवलं, हा विनीता कामटे यांचा मुख्य सवाल. त्या रात्री कंट्रोल रूम सांभाळणाऱ्या राकेश मारिया यांनी आरोप फेटाळले. सरकारच्या राम प्रधान समितीने आयुक्त हसन गफूर यांचं नेतृत्व कमी पडल्याचं म्हटलं. आणि दाते? ते बरे होऊन ड्युटीवर परतले. एप्रिल २०२५ मध्ये या हल्ल्याच्या कटातला आरोपी तहव्वूर राणा अमेरिकेतून दिल्लीत आणला गेला, तेव्हा त्याला ताब्यात घेणाऱ्या एनआयएचे महासंचालक तेच होते.