मेश्राम आडनावाविषयीचे गैरसमज

गोंदिया जिल्ह्यात गावोगाव आढळणाऱ्या मेश्राम या आडनावाची फोड ‘मेष’ अधिक ‘राम’ अशी करून सांगण्याची हौस अनेकांना असते. ती कानाला गोड लागते, एवढेच. मेश्राम हे गोंडांच्या एका कुळाचे नाव आहे आणि ते टेकाम, मरकाम, नेताम, सिडाम, आत्राम या नावांच्या पंगतीत बसते. गोंडीत टेका म्हणजे साग आणि मरका म्हणजे आंबा. टेकाम आणि मरकाम ही कुळे त्या झाडांशी नाते सांगतात. ही पंगत पाहिली की शेवटचा ‘राम’ हा अक्षरांचा योगायोग ठरतो.

आडनाव वेगळे असले की सोयरीक जुळवायला हरकत नाही, हा समजही इथे टिकत नाही. गोंड कुळे चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गटांत, म्हणजे सगांत, विभागलेली आहेत. ही वाटणी पारी कुपार लिंगोने केली, अशी श्रद्धा आहे. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला भरणारी यात्रा त्याच परंपरेतली. मेश्राम सात देवांचे. सात देवांची सारी कुळे आपसांत भावकी मानतात, त्यामुळे मुलगी पाहायची ती दुसऱ्या सगातली. तेलंगणातील केस्लापूरच्या नागोबा जत्रेचा मानही याच कुळाकडे आहे. पौष अमावास्येच्या पूजेसाठी मेश्राम मंडळी गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात आणि कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी भेट घडवतात.

सगळ्यांत पक्का आणि सगळ्यांत त्रासदायक गैरसमज जातीचा. कोणी म्हणतो मेश्राम म्हणजे गोंडच, कोणी म्हणतो बौद्धच. विदर्भात हे आडनाव दोन्हीकडे आहे. दलित साहित्यातले केशव मेश्राम आणि आदिवासी कवितेतले भुजंग मेश्राम ही मराठी वाचकाच्या ओळखीची उदाहरणे. साहजिकच जमातीचा दाखला नुसत्या आडनावावर मिळत नाही. पडताळणी समिती आजा-पणजाच्या नोंदी मागते: कोतवाल बुकातील जन्म-मृत्यू, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जमिनीचे कागद. 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या, म्हणजे अनुसूचित जमातींचा आदेश निघण्याआधीच्या, नोंदींना जास्त वजन असते. चालीरीती आणि कुळदैवतांविषयीची प्रश्नोत्तरे ही एकमेव कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये स्पष्ट केले आहे.